पातं फिरताना दिसलं पाहिजे

छोट्या विमानाचा फोटो समोर आला की माझी नजर आधी नाकावर जाते. प्रॉपेलरची दोन्ही पाती कडेसकट स्पष्ट, जागच्या जागी उभी दिसत असतील, तर बाकी सगळं कितीही नेटकं असलं तरी त्या फोटोत काहीतरी बिघडलंय असं वाटत राहतं. चाकं जमिनीपासून तीसेक फूट वर आहेत, पंखांमागचे फ्लॅप उतरवलेत, आत शिकाऊ वैमानिक दोन्ही डोळे धावपट्टीवर रोखून बसलाय, आणि प्रॉपेलर मात्र बंद. इंजिन खरं तर व्यवस्थित चालू होतं. कॅमेऱ्याने ते बंद पाडलं.

पक्ष्यांवर किंवा जेट विमानांवर हात बसलेल्या माणसाकडून हे हमखास होतं. तिथे शटर १/१६०० किंवा १/२००० सेकंदावर ठेवायची सवय लागलेली असते, आणि ती बरोबरच असते. जेटच्या बाहेर फिरताना दिसेल असं काही नसतं, त्यामुळे शटर जितकं वेगवान तितका फोटो पक्का. प्रॉपेलरच्या विमानाला तोच न्याय लावला की फसगत होते. म्हणून इथे पहिला निर्णय शटरचा. लेन्स कुठली न्यायची, उभं कुठे राहायचं, किती वाजता पोहोचायचं हे सगळं त्याच्या मागून येतं.

हिशेब अगदी शाळेतला आहे. सेसना १५२ किंवा १७२ (शिकाऊ वैमानिकांची नेहमीची छोटी विमानं) टेकऑफ घेताना प्रॉपेलर मिनिटाला साधारण २,४०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ४०. १/१००० शटरला तेवढ्या वेळात पातं जेमतेम १४ अंश सरकतं; डोळ्याला ते थांबलेलंच दिसतं. १/५०० ला २९ अंश, १/२५० ला ५८ आणि १/१२५ ला ११५. दोन पात्यांच्या प्रॉपेलरची पूर्ण गोल चकती हवी असेल तर प्रत्येक पातं अर्धा फेरा तरी फिरायला हवं, म्हणजे १८० अंश, आणि त्यासाठी १/८० पर्यंत खाली यावं लागतं. तीन पाती असतील तर १२० अंश पुरतात, तिथे १/१२५ लाच जवळजवळ पूर्ण चकती मिळते. टेकनामसारख्या विमानांत रोटॅक्स इंजिन असतं. ते स्वतः ५,००० वर पळत असलं तरी मधल्या गिअरमुळे प्रॉपेलरपर्यंत २,०५० च्या आसपासच फेरे पोहोचतात. त्यामुळे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या सेसना आणि टेकनामला एकच शटर लावलं तर टेकनामची पाती जास्त ‘थांबलेली’ दिसतात.

आणि हे झालं फक्त टेकऑफचं. लँडिंगच्या शेवटच्या टप्प्यात वैमानिक पॉवर कमी करतो, फेरे १,५०० च्या घरात येतात. तिथे १/१२५ ला ७२ अंशच मिळतात. टॅक्सी करताना इंजिन १,००० वर असतं, तेव्हा तर ४८. म्हणजे विमान जितकं हळू, तितकं शटरही खाली न्यायला हवं: टेकऑफला १/१२५, लँडिंगला १/८०, टॅक्सीला १/४० किंवा १/३०. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. हळू जाणाऱ्या वस्तूला कमी शटर पुरतं एवढंच त्याला माहीत असतं, पण इथे ते पुरतं एवढंच नाही, ते लागतंच.

पूर्ण चकतीचा हट्ट मात्र मी धरणार नाही. पात्याचा पंखासारखा उघडलेला पट्टा, मधे थोडी फट, टोकाला रंगवलेल्या पिवळ्या किंवा पांढऱ्या पट्टीची एक कमान, एवढं आलं की डोळ्याला गती पटते. त्या पूर्ण गोलासाठी १/६० वर उतरून वीसातला एक फोटो हाती लागण्यापेक्षा १/१२५ वर चार चांगले मिळालेले बरे. हात बसला की मग खाली उतरावं.

खाली उतरण्याची किंमत काय, तेही आकड्यात बघू. सेसना १७२ साधारण ६५ नॉट्सने धावपट्टीकडे येते, म्हणजे ताशी १२० किलोमीटर, सेकंदाला ३३ मीटर. १/१२५ सेकंदात ती २७ सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. कॅमेरा स्थिर धरला तर विमानाचा प्रत्येक रिव्हेट २७ सेंटिमीटर लांब रेघ होणार. त्याच विमानाच्या प्रॉपेलरचा व्यास साधारण १.९ मीटर, २,४०० फेऱ्यांना त्याच्या पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २४० मीटर पळतं. ताशी साडेआठशे किलोमीटरच्या वर! एकाच चौकटीत हे दोन वेग आहेत, आणि आपल्याला पहिला पूर्ण पुसायचा आहे, दुसरा पूर्ण दाखवायचा आहे. पहिला वेग पुसायचं काम शटर करत नाही, ते आपल्या कमरेने करायचं असतं.

यालाच पॅनिंग म्हणतात: विमानाबरोबर कॅमेरा वळवत फोटो काढणं. त्याचं बाकी सगळं पायांवर अवलंबून आहे. विमान जिथे नेमकं आपल्या समोर येणार त्या जागेकडे पायांची बोटं ठेवून उभं राहायचं, आणि मग फक्त कमरेतून मागे वळून येणाऱ्या विमानाला व्ह्यूफाइंडरमध्ये घ्यायचं. येणाऱ्या विमानाकडे पाय रोखून उभं राहिलं तर ते समोर येईपर्यंत कंबर पिळली जाते, आणि ज्या क्षणाला हालचाल सगळ्यांत सुरळीत हवी त्याच क्षणाला ती अडखळते. डावा तळहात लेन्सच्या खाली, लेन्सचं वजन त्यावर. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. विमान निदान तीन-चार सेकंद आधीपासून चौकटीत असावं, म्हणजे आपला वळण्याचा वेग त्याच्या वेगाशी जुळतो. शटर दाबताना बोट झटकायचं नाही. पाच-सहा फोटोंचा एकच सलग झपाटा, आणि झपाटा संपल्यावरही वळत राहायचं. फोटो झाला म्हणून थांबणारा माणूस खरं तर शेवटच्या दोन फोटोंच्या आधीच थांबलेला असतो.

फोकस सतत चालणाऱ्या मोडवर, बिंदू कॉकपिटच्या खिडकीवर किंवा व्हीटीने (भारतीय विमानांची खूण) सुरू होणाऱ्या नोंदणी-अक्षरांवर. मोठ्या, ठळक अक्षरांवर फोकस चटकन बसतो. नाकावर बिंदू ठेवला तर फिरत्या प्रॉपेलरमुळे कॅमेरा गोंधळतो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत विमान ओळखणारी सोय असते, ती चांगली चालते. फक्त पक्षी ओळखण्यावर ती चुकून राहिलेली नाही ना ते बघावं, नाहीतर मागे घिरट्या घालणारी घार तुमचं विमान पळवते. लेन्सचं स्टॅबिलायझेशन पॅनिंगसाठीच्या दुसऱ्या मोडवर असावं. पहिल्या मोडवर लेन्स आडवी हालचालही ‘दुरुस्त’ करू बघते आणि तुमच्या कमरेशी भांडत बसते.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. सगळं नीट करूनही विमानाचं मधलं अंग लख्ख आणि पंखाचं टोक मात्र फिसकटलेलं, असं येतं. हात चुकलेला नसतो, अंतर चुकलेलं असतं. आपण ५० मीटरवर असू, तर आपल्या बाजूचं पंखाचं टोक आपल्याला साडेपाच मीटरने जवळ असतं, म्हणजे नजरेला ते कॉकपिटपेक्षा बारा टक्के जास्त वेगाने सरकतं. कॅमेरा कॉकपिटच्या वेगाने वळतो, आणि टोक ३ सेंटिमीटर पुसलं जातं. दीडशे मीटरवर गेलो तर हा फरक चार टक्क्यांच्या आत येतो, पुसट पट्टा एका सेंटिमीटरवर. म्हणून जवळ जाण्याची धडपड करू नये. लांब उभं राहून लांब लेन्स वापरलेली बरी.

किती लांब? सेसना १७२ ची लांबी ८.३ मीटर. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स शंभर मीटरवरून तिला चौकटीच्या सत्तर टक्के रुंदीत बसवते. दीडपट क्रॉपच्या (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर हेच काम २०० मिलिमीटर करते. म्हणजे घरात पडलेली साधी ७०-३०० कुणालाही पुरेशी आहे. १००-४०० हातात असेल तर उत्तम. त्यापुढे पैसे खर्च करायचं कारण मला दिसत नाही, कारण भारतीय उन्हात तीनशे मीटरच्या पलीकडचं काही स्वच्छ दिसतच नाही.

सराव करायला विमानतळ लागत नाही. पुण्यात सोलापूर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभं राहून पीएमपीच्या बसवर १/६० लावा. बसच्या बाजूचे मार्ग क्रमांक वाचता आले आणि मागची दुकानं आडव्या रेघा झाली, की सेसना जमेल.

मोबाइलवरच्या फोटोत प्रॉपेलरची पाती कोयत्यासारखी वाकलेली किंवा हवेत सुटी तरंगणारी दिसतात. तो लेन्सचा दोष नाही. सेन्सर चित्र एकदम वाचत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. पहिली ओळ वाचून शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचेस्तोवर पातं पुढे गेलेलं असतं. मिररलेस कॅमेऱ्यात आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की हेच होतं. यांत्रिक शटर वापरावं. आणि इथेही कमी शटरच कामाला येतं: यांत्रिक शटर साधारण १/२०० च्या खाली असलं की पूर्ण सेन्सर एका क्षणी उघडा असतो, पडद्याची फट वरून खाली सरकत नाही, त्यामुळे पात्याचा आकार वाकत नाही.

आता पुण्याचं ऊन. भर उन्हात आयएसओ १०० वर १/१२५ लावलं तर छिद्र एफ १४ ते एफ १६ पर्यंत बारीक करावं लागतं. तिथे दोन गोष्टी बिघडतात. एक, विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो) सगळं चित्र किंचित मऊ होतं. दोन, सेन्सरवरचा धुळीचा कण न् कण आकाशात करड्या ठिपक्यासारखा उमटतो, आणि आपल्याकडे धूळ किती हे सांगायला नको. उपाय म्हणजे एनडी फिल्टर, उजेड कमी करणारी करडी काच, दोन किंवा तीन स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). दोन स्टॉपने एफ १६ चं एफ ८ होतं, आणि बहुतेक लेन्स तिथेच सगळ्यांत चांगल्या असतात. पोलरायझरही दीड-दोन स्टॉप खातो म्हणून काही जण तोच लावतात, आकाशही निळंशार होतं. पण विमानाच्या काचा काचेच्या नसतात, ॲक्रिलिकच्या असतात, आणि वाकवताना त्यात राहिलेला ताण पोलरायझरमधून इंद्रधनुषी डागांच्या रूपात दिसतो. ग्लायडरची, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाची, लांबलचक कॅनॉपी (पारदर्शक छत) तर पूर्ण रंगीबेरंगी होऊन जाते. साधा एनडीच बरा. त्याहून बरं म्हणजे सकाळी लवकर जाणं. सूर्य कोवळा असताना उजेडच दोन स्टॉपने कमी असतो, आणि फिल्टरची गरजच उरत नाही.

लवकर जाण्याचं दुसरं कारण जास्त मोठं आहे. धावपट्टीचं डांबर तापलं की त्यावरची हवा थरथरू लागते, आणि लांब लेन्समधून बघितलेलं विमान पाण्याखाली असल्यासारखं लहरतं. यावर कुठलीही लेन्स, कुठलंही सॉफ्टवेअर उपाय करू शकत नाही. शटर वाढवलं तर लहरी गोठतात, जात नाहीत. मार्च ते मे या काळात नऊ-साडेनऊनंतर जमिनीलगतचे फोटो सोडून द्यावेत, फक्त आकाशात वर असलेलं विमान घ्यावं. उभं राहताना आपल्या आणि विमानाच्या मध्ये डांबर किंवा सिमेंट कमीत कमी येईल, गवत जास्त येईल असं बघावं. एसी लावलेल्या गाडीतून थेट बाहेर काढलेली लेन्सही काही मिनिटं स्वतःच्याच हुडमध्ये अशी थरथर निर्माण करते, आणि पावसाळी हवेत तिच्यावर दवही जमतं. पोहोचल्यावर कॅमेरा बाहेर काढून वीस मिनिटं सावलीत नुसता ठेवावा.

पुण्यात हे सगळं करायचं कुठे, हा प्रश्न आहेच. लोहगावचं नाव काढू नये. ते हवाई दलाचं ठाणं आहे, प्रवासी विमानं तिथली धावपट्टी वापरतात एवढंच. कुंपणाच्या बाहेरून, गच्चीवरून, रस्त्यावरून लांब लेन्स रोखणं तिथे गंभीर प्रकरण होऊ शकतं. सरकारी विमानतळावर फोटो काढायला लेखी परवानगी लागते, हे १९३७ च्या विमान नियमांतल्या तेराव्या नियमात स्पष्ट आहे. हडपसरचं ग्लायडिंग सेंटर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे सरकारीच, तिथेही हीच परवानगी. पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर बारामतीला विमानतळ आहे आणि तिथे वैमानिक प्रशिक्षण चालतं. छोटी प्रॉपेलरची विमानं दिवसभर उडताना बघायची तर आपल्या भागात जागा तीच.

परवानगी मागताना एक साधं पत्र खूप काम करतं. कोण येणार, ओळखपत्र कुठलं, गाडीचा नंबर, कुठल्या तारखेला किती ते किती, कॅमेरा आणि लेन्स कुठली, फोटो कशासाठी आणि कुठे दाखवणार. ड्रोन आणणार नाही हे वेगळं वाक्य लिहून टाकावं, कारण विमानतळावरच्या माणसाच्या मनातली पहिली भीती तीच असते. ‘विमानांचे फोटो काढायचे आहेत’ एवढंच लिहिलेल्या पत्राला उत्तर येत नाही. ‘धावपट्टीच्या दक्षिणेला, तुम्ही सांगाल त्या जागेवर, तुमचा माणूस सोबत असताना’ असं लिहिलेल्या पत्राला येण्याची शक्यता बरीच जास्त.

दक्षिणेला का, तर उजेडामुळे. बारामतीची धावपट्टी ११/२९ आहे, म्हणजे एका टोकाकडून ११० अंशांच्या दिशेला तोंड, दुसऱ्याकडून २९०. जवळजवळ पूर्व-पश्चिम. हिवाळाभर सूर्य दक्षिणेतून फिरतो, म्हणून दक्षिणेला उभं राहून उत्तरेकडे बघितलं की दिवसभर ऊन आपल्या पाठीवर आणि विमानाच्या अंगावर. डिसेंबरात सूर्य आपल्याकडे ११५ अंशांच्या आसपास उगवतो, धावपट्टीच्या जवळजवळ सरळ रेषेत! पूर्वेचा वारा असेल आणि ११ चालू असेल, तर सकाळी पहिलं विमान सूर्याकडे तोंड करून उठतं. नाक, प्रॉपेलर, काचेमागचे चेहरे सगळे पिवळ्या उन्हात. अशा वेळी चकतीवरही तो उजेड चढतो आणि ती हवेत नुसती चमकते. माझ्या मते अख्ख्या वर्षात यापेक्षा चांगला उजेड मिळत नाही. दुपारी सूर्य फिरल्यावर तेच विमान मागून उजळतं, शेपटी चमकते आणि नाक मवाळ पडतं. तेव्हा उठणाऱ्या विमानापेक्षा ॲप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) थांबलेल्या विमानांकडे वळावं.

डिसेंबरातल्या भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे दिवसभर काम करता येतं. उन्हाळ्याचं गणित निराळं आहे. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा. मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. सेसनाचे पंख छपरासारखे वर असल्याने अशा उन्हात खालची केबिन काळीठिक्कर पडते आणि पंखाचा पांढरा रंग मात्र जळून जातो. त्या वेळी कॅमेरा पिशवीत घालून जेवायला जावं. जमिनीवर कोरडं पिवळं गवत किंवा फिकट सिमेंट असेल तर त्याचा उजेड खालून परतून केबिनमध्ये थोडा शिरतो, हिरव्या गवतावरून येत नाही. बारीक गोष्ट आहे, पण उभं राहायची जागा निवडताना ती कामाला येते.

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून २९ चालू. ढग आणि करडं आकाश यांमुळे एक्स्पोजर फसतं: कॅमेरा उजळ आकाश बघून सगळं गडद करतो आणि विमान काळी आकृती होतं. तिथे एक स्टॉप वाढवायचा, दाट पांढऱ्या ढगासमोर सव्वा-दीडसुद्धा. याच्या उलट, उन्हातलं पांढरं विमान गडद टेकडीसमोरून जाताना दोन-तृतीयांश स्टॉप कमी करावा, नाहीतर रंगातले सांधे आणि रिव्हेट धुऊन निघतात. सगळ्यांत सुंदर महिना ऑक्टोबर. हवा धुतलेली, गवत अजून हिरवं, दुपारी कापसाचे ढग. नोव्हेंबरनंतर ऊसतोड सुरू झाली की बारामतीच्या बाजूला पाचट जाळल्याचा धूर सकाळच्या थंड हवेत जमिनीलगत अडकून राहतो. दृश्यमानता पाच किलोमीटरच्या खाली असली की नजरेने उडणाऱ्या विमानांना परवानगी नसते, त्यामुळे अशा सकाळी विद्यार्थी आणि फोटोग्राफर दोघंही चहा पीत बसतात.

प्रशिक्षणाच्या विमानतळाची खरी देणगी म्हणजे सर्किट. विद्यार्थी उठतो, साधारण हजार फुटांवर चौकोनी फेरी मारतो, उतरतो, चाकं टेकताच पुन्हा पॉवर देऊन उठतो. एका फेरीला पाच-सात मिनिटं. म्हणजे तेच विमान, त्याच जागेवर, त्याच उजेडात पुन्हा पुन्हा मिळतं. मोठ्या विमानतळावर एक संधी हुकली की हुकली. इथे पहिल्या फेरीला १/२५०, दुसऱ्या फेरीला १/१६०, तिसऱ्या फेरीला १/८० असं उतरत जाता येतं, प्रत्येक वेळी पडद्यावर बघून. विमान धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने जाताना दिसलं की दोन-तीन मिनिटं हातात आहेत असं समजावं. वाऱ्याच्या पिशवीकडेही लक्ष असावं. ती पूर्ण ताठ झाली म्हणजे वारा पंधरा नॉट्सच्या आसपास, आणि तो आडवा असेल तर नवे विद्यार्थी उडणं थांबतं. राहिलेले अनुभवी लोक एक पंख वाऱ्याकडे झुकवून एकाच चाकावर टेकतात, आणि त्या एका क्षणी उडणारी रबराची धूर-रेघ धरायला १/१२५ पुरतं.

हडपसरला गोष्ट पूर्ण उलटी. ग्लायडरला प्रॉपेलरच नाही, त्यामुळे शटरचं बंधन संपलं. १/१००० लावा, १/१६०० लावा. इथे अवघड आहे ते वेळ साधणं. ग्लायडर विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढला जातो. एक माणूस पंखाचं टोक हातात धरून पंख सरळ करतो, इशारा जातो, पोलादी दोर ताठ होतो, आणि तो माणूस चार-पाच पावलं पळेपर्यंत ग्लायडर जमीन सोडतो. मग काही सेकंदांतच त्याचं नाक ४५ अंशांपर्यंत वर जातं. बाजूने बघताना ही वर वळण्याची कमान सगळ्यांत देखणी. कॅमेरा आडवा असेल तर ग्लायडर चौकटीच्या बाहेर निसटतो, म्हणून आधीच उभा धरावा. हजारेक फुटांवर दोर सुटतो, नाक खाली येतं, आणि दोर छोट्या पॅराशूटसह खाली पडतो. त्या दोराच्या रेषेत कधीही उभं राहू नये, जमिनीवर पडलेला दोर कधीही ओलांडू नये. तो कुठल्याही क्षणी ताठ होऊ शकतो.

ग्लायडरचे पंख लांब आणि पातळ, त्यामुळे तो सरळ समोरून किंवा बरोबर बाजूने आला तर फोटोत एक रेघ उरते. तो वळताना एका अंगावर झुकतो तेव्हाच त्याचा खरा आकार दिसतो. कुठे वळणार हे घारी सांगतात. जिथे चार-पाच घारी पंख न हलवता गोल वर चढतायत तिथे थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, आहे, आणि वैमानिकही त्याच घारींकडे बघत असतो. हडपसरच्या चहूबाजूंनी आता उंच इमारती उठल्यात. उतरणाऱ्या ग्लायडरमागे त्या स्पष्ट नको असतील तर इथेही १/१२५ वर पॅन करावं, गृहसंकुलं आडव्या रेघांत विरून जातात आणि पंखावर उभे राहिलेले एअरब्रेक उठून दिसतात. ग्लायडर आवाज न करता येतो, म्हणून इथे कान उपयोगाचे नाहीत. सतत आकाशाकडे नजर ठेवावी लागते.

ॲप्रनवर जाऊ दिलं तर तिथले नियम कॅमेऱ्याच्या आधी. लेन्सचं झाकण, फिल्टरची डबी, रुमाल, काहीही सुटं नको. खिशांना चेन असावी. पडलेलं झाकण प्रॉपेलरने उचललं तर पात्याला खाच पडते आणि ते विमान तपासणी होईपर्यंत उभं राहतं. अंगावर चमकणारं जॅकेट. शेपटीवरचा लाल दिवा लुकलुकू लागला की इंजिन सुरू होणार आहे असं समजून जागचं हलू नये. बंद विमानाच्या प्रॉपेलरलाही हात लावू नये, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) चालू राहिलेला असेल तर नुसत्या धक्क्याने तो एक फेरा मारू शकतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे मागे सरकणं हा इथला सगळ्यांत धोकादायक प्रकार. आधी जागा, मग डोळा. फ्लॅश अजिबात नको. एकट्याने पहिलं उड्डाण करायला निघालेल्या विद्यार्थ्याला हाक मारू नये, हात हलवू नये, त्याचं लक्ष चेकलिस्टवर असू द्यावं. परत आल्यावर फोटो काढू का असं विचारलं तर बहुतेक जण आनंदाने उभे राहतात.

घरी आल्यावर निवड करताना आधी नोंदणी-अक्षरं शंभर टक्क्यांवर बघावीत. ती धारदार असतील तरच प्रॉपेलर बघायचा. अक्षरं धारदार आणि पाती पुसट, एवढी एकच कसोटी पुरे. १/१२५ वर शंभरातले वीस टिकले तर दिवस चांगला गेला म्हणावं, बाकीचे निर्दयपणे काढून टाकावेत. क्षितिज सरळ करताना गवताच्या उतारावर विश्वास ठेवू नये, चौकटीच्या मध्याजवळचा खांब किंवा हँगरची कड धरावी. विमानाच्या पुढे मोकळी जागा मागच्यापेक्षा जास्त ठेवावी. शार्पनेस वाढवताना प्रॉपेलरची चकती मास्कने वगळावी, नाहीतर तिच्यात कण उमटतात.

फोटो आठवड्याभरात फ्लाइंग स्कूलला आणि तिथल्या इंजिनिअर मंडळींना पाठवावेत. वैमानिक स्वतःला शोधतो, इंजिनिअर विमान वाचतो. एक्झॉस्टमागचा काळा ओघळ किती लांब गेलाय, पुढच्या चाकाचा स्ट्रट (धक्के झेलणारा दांडा) किती दबलाय, टेकताना फ्लॅप किती अंशांवर होते, सगळं त्याला दिसतं, आणि त्याने विचारलेले प्रश्न पुढच्या वेळी काय टिपायचं ते शिकवतात. म्हणून प्रत्येक फोटोखाली तारीख, वेळ, नोंदणी, धावपट्टी आणि शटर एवढं तरी लिहावं. वाऱ्याची दिशाही लिहावी, कारण एलेरॉन (पंखाच्या टोकाजवळची हलती फळी) वर का होता हा प्रश्न नक्की येतो.